सेफिक्झिम या अँटिबायोटिकला आम्ही डॉक्टरांची चिठ्ठी का मागतो?

"मागच्या वेळच्याच गोळ्या द्या हो, डॉक्टरकडे जायला कुठे वेळ आहे?" काउंटरवर हे रोज ऐकतो. नाही म्हटलं की नेहमीची माणसंसुद्धा तोंड फिरवतात. म्हणून बिलासोबत हा कागद.

जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली यादी 1977 मध्ये काढली, साधारण दोनशे औषधांची. 2017 पासून त्यातल्या अँटिबायोटिक्सचे तीन गट आहेत: ॲक्सेस, वॉच, रिझर्व्ह. नेहमीच्या संसर्गाला आधी द्यायची ती पहिल्या गटात, जसं अमॉक्सिसिलिन. ज्यांना जंतू लवकर दाद देईनासे होतात, ती जपून वापरायची म्हणून वॉचमध्ये, सेफिक्झिम तिथलं. बाकी काहीच लागू पडेना, तेव्हाची ठेवणीतली औषधं रिझर्व्हमध्ये. कोलिस्टिन हे त्यातलं एक.

आपल्याकडे सेफिक्झिम शेड्यूल एच-1 मध्येही येतं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, हे सगळं वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं सांभाळायची. नुसता घसा धरलाय म्हणून "चारच गोळ्या द्या" असं म्हणणाऱ्याचं आम्ही त्या वहीत काय लिहिणार? शिवाय सर्दी-पडसं बहुधा विषाणूंमुळे होतं, त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही.

आता पैशांचं. 1985 च्या नैरोबी परिषदेने औषधाच्या योग्य वापराची व्याख्या केली: गरजेप्रमाणे औषध, ज्याच्या-त्याच्यापुरता डोस, पुरेसे दिवस आणि कमीत कमी खर्च. हा शेवटचा मुद्दा दुकानदार सहसा सांगत नाहीत, आम्ही सांगतो. भारताच्या 2022 च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत 384 औषधं आहेत आणि त्यांच्या कमाल किमती सरकार ठरवतं. त्यात किरकोळ विक्रेत्याचे 16 टक्के धरलेले असतात, ते लपवण्यासारखं नाही. (ॲसिडिटीची जुनी रॅनिटिडीन या यादीतून निघाली. अजून नावाने मागतात!) आणि "दहावर एक फ्री" अशी कंपनीची स्कीम आहे म्हणून आम्ही कुठलीही गोळी पुढे सरकवणार नाही.

चिठ्ठी घरी राहिली तर मोबाइलवरचा फोटो दाखवून औषध मिळत नाही, मूळ कागद आणा. जुनी स्ट्रिप आणलीत तर औषधाचं नाव आणि एक्स्पायरी वाचून सांगू. पॅरासिटामॉल आणि ओआरएसला चिठ्ठी मागत नाही.