न्हाणीघराची गळती लादीने थांबत नाही

मुंबईतील इमारतींत खालच्या घराच्या छताला ओल आली की वरच्या न्हाणीघरातील लाद्या बदलण्याचा निर्णय घाईने घेतला जातो, आणि बरेचदा काही काळाने ओल पुन्हा उमटते. पाणी अडवण्याचे काम मुळात लादीचे नसतेच. व्हिट्रिफाइड लादी स्वतःच्या वजनाच्या ०.५ टक्क्यापेक्षाही कमी पाणी शोषते हे खरे. परंतु दोन लाद्यांमधल्या सिमेंटच्या सांध्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात आणि केशाकर्षणामुळे (बारीक छिद्रांत पाणी आपोआप ओढले जाण्यामुळे) रोजच्या अंघोळीचे पाणी त्यांतून थोडे थोडे आत शिरत राहते.

आपल्याकडे न्हाणीघराचा स्लॅब खोलगट ठेवून, त्यात नळ टाकून, वर विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा कोबा भरण्याची पद्धत रूढ आहे. झिरपलेले पाणी हा भराव स्पंजासारखा धरून ठेवतो, त्यामुळे पाणी शिरते एकीकडे आणि ठिबकते भलतीकडेच. ते काँक्रीटमधून वाट काढताना त्यातील चुना विरघळवून खाली आणते. हवेतील कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होऊन छतावर कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर जमतो. खरी चिंता काँक्रीटमधील लोखंडी सळया गंजण्याची असते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते, त्या दाबाने काँक्रीट फुटते आणि पोपडे सुटतात. समुद्राकाठच्या हवेतील क्षार ही प्रक्रिया आणखी वेगवान करतात.

निदान आधी झाले पाहिजे. ओल भर मे महिन्यातही टिकून असेल, तर पावसाला दोष देता येत नाही. ठिबक अहोरात्र सारखीच असेल तर भिंतीतल्या, दाबाखाली पाणी पुरवणाऱ्या नळावर संशय घ्यावा. अंघोळीनंतर वाढत असेल तर जमीन, नहाणी ट्रॅप (जमिनीवरचे पाणी सांडपाण्याच्या नळात सोडणारे तोंड) आणि सांडपाण्याचे नळ तपासावेत.

पाणी अडवतो तो लादीखालचा जलरोधक लेप. हा लेप सपाट जागी क्वचितच दगा देतो. तो तुटतो भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात, नळ स्लॅबमधून जातो त्या भोकाभोवती आणि नहाणी ट्रॅपच्या कडेला. म्हणून कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर वाटा (काटकोन बुजवणारा उतार) काढणे, तिथे जाळी बसवणे आणि लेप भिंतीवर शॉवरच्या उंचीपर्यंत नेणे आवश्यक ठरते. लेप झाल्यावर प्लंबरने पुन्हा छिन्नी चालवली, तर सारे श्रम वाया जातात. जुन्या लादीवर नवी लादी चिकटवल्याने तुटलेला लेप दुरुस्त होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे.

लादी सुबक बसवणारा कारागीर जलरोधनातही निष्णात असेलच असे नाही. त्याच्याकडून लेपाचे नाव, थरांची संख्या आणि दोन थरांमधला वाळण्याचा वेळ लेखी घ्यावा. केवळ चौरस फुटाचा दर सांगून तो थांबत असेल तर दुसरा शोधावा. लेप पूर्ण वाळल्यावर ट्रॅप बंद करून, दोन-तीन इंच पाणी भरून ते किमान २४ तास, शक्यतो ४८ तास साठवून ठेवण्याची चाचणी लादी बसण्यापूर्वी करण्यास त्याची तयारी हवी. या काळात खालच्या घराचे छत पाहायचे असते, त्यामुळे शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी. आणि त्याने काही वर्षांपूर्वी केलेले काम पाहायला गेलात, तर त्या घराच्या खाली राहणाऱ्यांकडे अवश्य चौकशी करा.