टक्केवारी जिल्ह्याची, गोवर तांड्याचा

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून, तांड्यांवरून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. परततात त्या गुढीपाडव्याच्या आगेमागे. फेब्रुवारीत जन्मलेलं लेकरू नोव्हेंबरात ९ महिन्यांचं होतं. गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत घ्यायचा, आणि नेमकं तेव्हाच ते कुठल्यातरी ऊसतोडीच्या फडावर, आईबापासोबत कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत असतं. आशाताईच्या यादीत नाव गावातच राहतं.

गोवराइतका वेगानं पसरणारा आजार क्वचितच सापडेल. रुग्ण उठून गेला तरी विषाणू त्या खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. कुणालाच संरक्षण नसेल, तर एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजारी पाडतो. साथ थांबायची तर त्या १८ पैकी १७ जण सुरक्षित हवेत, म्हणजे ९४ टक्क्यांहून जास्त. लसीकरण ९५ टक्क्यांवर न्या, असं सतत सांगितलं जातं ते यामुळेच.

पण ९५ टक्के कुठे? समजा, दहा वस्त्या आहेत, प्रत्येकीत १०० मुलं. नऊ वस्त्यांत ९७ टक्के लसीकरण झालं, दहावीत ५० टक्के. सरासरी येते ९२. कागदावर आकडा बरा दिसतो, पण दहाव्या वस्तीत ५० लेकरं उघडी आहेत, तीही एकाच अंगणात खेळणारी. माझ्या मते जिल्ह्याच्या सरासरीपेक्षा उपकेंद्रनिहाय, तांडानिहाय आकडा जास्त खरा बोलतो.

साथ आली की हमखास ऐकू येतं, ‘लस घेतलेल्यांनाही गोवर निघाला.’ निघतो, खरंच. नवव्या महिन्यातला एक डोस साधारण ८५ टक्के मुलांना संरक्षण देतो. १०० पैकी ९० मुलांनी तो घेतला, तर त्यांतली १३-१४ असुरक्षित राहतात. न घेतलेली १० तर सगळीच. रुग्णांची नुसती डोकी मोजली तर लस घेतलेलेच जास्त भरतील! पण धोका बघा: एकीकडे ९० मध्ये १३-१४, दुसरीकडे १० मध्ये १०. ही उरलेली फट भरायला १६ ते २४ महिन्यांतला दुसरा डोस असतो.

काही वर्षं एकही रुग्ण नसला, तरी चुकलेली लेकरं दरवर्षी साचत जातात आणि मग एका बाहेरून आलेल्या रुग्णानं भडका उडतो.

पाडव्याला गाडी परतते तेव्हा ते फेब्रुवारीचं लेकरू १३-१४ महिन्यांचं झालेलं असतं. चुकलेला डोस पाच वर्षांपर्यंत देता येतो, आणि तो फडाजवळच्या आरोग्य केंद्रातही मिळतो.