आईची आई की बाबांची आई? चित्रपुस्तकांतल्या आजीची पार्श्वभूमी

एक आजी नातवाला घेऊन पावसातून बसने निघते. आपल्याकडे गाडी का नाही, आपण दर वेळी तिकडेच का जातो, असं नातू विचारत राहतो आणि आजी त्याला न कंटाळता उत्तरं देत राहते. शेवटच्या थांब्यावर उतरून दोघं अन्नछत्रात वाढायला जातात. या चित्रपुस्तकाला २०१६ साली अमेरिकेतलं बालसाहित्याचं सर्वांत जुनं पारितोषिक मिळालं. तोवर ते बहुतेक वेळा मोठ्या मुलांच्या कादंबऱ्यांकडेच जात असे. पुस्तकातला मुलगा आजीला 'नाना' म्हणतो. मराठी मुलांसमोर ते वाचायला घेतलं की इथेच गाडी अडते. आपल्याकडे नाना म्हणजे घरातले वडीलधारे गृहस्थ आणि हिंदी बोलणाऱ्या घरात तर सरळ आईचे वडील. चित्रात मात्र छत्री धरलेली बाई. मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा पुढच्या रांगेतून प्रश्न आला, "नाना कुठे आहेत?" पान उलटायच्या आधी मुलं चित्रात नानांना शोधत होती.

हा गोंधळ फक्त त्या एका पुस्तकाचा नाही. आजी-आजोबा आणि नातवंडांची चित्रपुस्तकं एका भाषेतून दुसरीत गेली की सगळ्यात आधी नात्याचं नाव अडखळतं.

जुन्या बालवाङ्मयात आजी गोष्ट सांगायची, गोष्टीत नसायची. १९०७ साली कोलकात्यात निघालेल्या प्रसिद्ध बंगाली परीकथासंग्रहाच्या नावातच 'ठाकुरमा' आहे, म्हणजे बाबांची आई, आणि गोष्टी तिच्या झोळीतून निघतात. आता या गोष्टीसुद्धा मँचेस्टरच्या गिरणीतून येऊ लागल्या, अशी खंत त्या संग्रहाच्या प्रस्तावनेत आहे. मराठीतली सर्वांत लाडकी म्हातारी भोपळ्यात बसून लेकीकडे जाते, पण तिला गोष्टीत कुणी आजी म्हणत नाही. लेकीच्या घरी नातवंडं असतीलच, मात्र गोष्टीला त्यांच्याशी काही देणंघेणं नाही. हीच म्हातारी बंगालमध्ये दुधी भोपळ्यात बसते आणि इराणमध्येही भोपळ्यातूनच घरंगळत जाते. वाटेतली जनावरं तेवढी बदलतात. लंडनमध्ये स्थलांतरित मुलांसाठी निघणाऱ्या द्विभाषिक पुस्तकांतही ती पोचली.

नातवंडाच्या नजरेतून आजी दिसू लागली ती फार पुढे, आणि त्यामागचं कारण साहित्यिक कमी, सामाजिक जास्त होतं. १९६५ साली अमेरिकेतल्या एका साप्ताहिकात एका शिक्षणतज्ज्ञ बाईंचा लेख आला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेली ५,२०६ बालपुस्तकं तपासल्यावर त्यांना दिसलं की कृष्णवर्णीय माणूस जेमतेम ३४९ पुस्तकांत आहे, म्हणजे ६.७ टक्क्यांत. त्याच वर्षी तिथला स्थलांतराचा कायदा बदलला, देशवार कोटा गेला, आणि आशिया व लॅटिन अमेरिकेतून कुटुंबं येऊ लागली. त्या घरांतल्या मुलांचे आजी-आजोबा एक तर समुद्रापलीकडे राहिले, किंवा मागाहून आले आणि नातवंडांची भाषा न कळता त्यांच्याच घरात राहू लागले. ही मुलं मोठी होऊन लिहू लागली, चित्रं काढू लागली, तेव्हा १९९० नंतरची पुस्तकं आली.

त्याआधीची पुस्तकं बहुतेक त्या-त्या समाजाबाहेरच्यांनी लिहिलेली होती. १९७१ सालच्या एका पुस्तकात अमेरिकेतल्या नवाहो या मूलनिवासी जमातीतल्या मुलीची आजी सांगते की मागावरची सतरंजी उतरेल तेव्हा मी धरतीमातेकडे जाईन. मुलगी रात्री गुपचूप उठते आणि दिवसा विणलेलं उसवून टाकते. आजीचा मृत्यू लहान मुलांच्या पुस्तकात इतक्या सरळपणे आणणं तेव्हा धाडसाचं होतं, आणि ते उसवणं वाचताना आजही गळा दाटून येतो. १९८७ साली आलेलं एक पुस्तक मात्र वादात सापडलं. त्यात मूलनिवासी आजोबा आपल्या अंध नातवाला त्याच्याच जन्माची गोष्ट सांगतात आणि प्रत्येक वेळी दोरीला एक गाठ मारतात. शिक्षकांनी ते डोक्यावर घेतलं, पण मूलनिवासी समीक्षकांनी चित्रांवर बोट ठेवलं. वेगवेगळ्या जमातींचे कपडे आणि केशरचना एकाच माळरानावर एकत्र आल्या होत्या. आजोबा नेमके कुणाचे, हेच चित्रकाराने ठरवलं नव्हतं. ही तक्रार मला किरकोळ वाटत नाही. नऊवारीतल्या आजीच्या कपाळी लाल काठाची साडी नेसणाऱ्या बंगाली आजीचा सिंदूर आणि अंगावर पंजाबी ओढणी काढली तर आपलं मूल लगेच ओळखेल. मूलनिवासी मूलही तसंच ओळखतं.

पुस्तकं आरसाही असावीत आणि खिडकीही, म्हणजे मुलाला त्यांत स्वतःचं जगही दिसावं आणि दुसऱ्याचंही, हे आता सर्वत्र वापरलं जाणारं रूपक १९९० सालचं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कवरून उडणाऱ्या आजी-नातीचं पुस्तक आलं. त्यात स्पॅनिश शब्द इंग्रजी वाक्यात बिनधास्त मिसळलेले आहेत, आणि शेवटी शब्दार्थांची यादी आहे. ही यादी बऱ्याच प्रकाशकांनी उचलली. १९९४ साली चित्रांसाठीचं मोठं अमेरिकी पदक मिळालेल्या पुस्तकात जपानी आजोबा तरुणपणी अमेरिकेत जातात, जपानला परततात, युद्धात घर गमावतात, आणि दोन्ही देश त्यांच्यात कायम भांडत राहतात. तेच भांडण पुढे नातवाकडे वारशाने येतं.

भारतातली चित्रपुस्तकं वेगळ्या हेतूने सुरू झाली. १९५७ साली दिल्लीत एक सरकारी आणि एक खासगी अशा दोन संस्था उभ्या राहिल्या. सरकारी संस्थेने पुढे एकच पुस्तक, तीच चित्रं ठेवून, अनेक भारतीय भाषांत काढायला सुरुवात केली. देशातल्या मुलांनी एकमेकांना ओळखावं हा हेतू होता आणि किंमत सर्वांना परवडेल अशी ठेवली जाई. १९९६ मध्ये चेन्नईत निघालेल्या प्रकाशनसंस्थेने मराठीसह नऊ भाषांत चित्रपुस्तकं आणली. २००४ मध्ये बंगळुरूत आणखी एक संस्था आली, आणि तिने २०१५ मध्ये खुल्या परवान्याचं व्यासपीठ उभं केलं. तिथे कुणीही गोष्टीचा अनुवाद करून लगेच प्रसिद्ध करू शकतं. चित्रं तीच, मजकूर वेगळा. त्यामुळे चित्रातली म्हातारी बाई एकच राहते, तिचं नाव मात्र भाषेगणिक बदलतं.

खरी गुंतागुंत इथे आहे. मराठीत आजी म्हटलं की दोन्हीकडची आली. कन्नड अज्जी आणि तमिळ पाट्टीचंही तसंच. हिंदीत दादी किंवा नानी यांतली एक निवडावीच लागते. बंगालीत ठाकुमा किंवा दिदिमा, तेलुगूत नानम्मा किंवा अम्मम्मा. म्हणजे मराठी किंवा तमिळ गोष्ट हिंदीत जाते तेव्हा मूळ लेखिकेने उघडं ठेवलेलं दार अनुवादकाला लावावं लागतं. मग तो चित्रात खुणा शोधतो. सुट्टी लागल्यावर मूल गाडीने आजीकडे जातं का? मग नानी. सकाळी उठल्यावर आजी स्वयंपाकघरातच दिसते का? मग दादी. या खुणा घराघरांत खऱ्या असल्या तरी त्यांच्यामागे एक ठाम समजूत आहे: मूल राहतं ते बाबांच्या घरी. लेकीजवळ राहणाऱ्या आजीचं चित्र हिंदीत जाताना हमखास 'दादी' होतं, आणि तिचं त्या घरात असणंच पुसलं जातं.

मराठी आजी हा शब्द याबाबत उदार आहे, पण भाषा म्हणून आपण निष्पाप नाही. आईच्या माहेरासाठी आपल्याकडे 'आजोळ' हा गोड शब्द आहे. बाबांच्या आई-वडिलांच्या घराला वेगळा शब्दच नाही, कारण ते नुसतं 'घर'. हिंदीतलं नानीचं घर मराठीत आणताना 'आजीचं घर' लिहिणारे अनुवादक मला समजत नाहीत. आजोळ म्हटलं की वाक्यात आंब्याचा वास येतो आणि नानी हरवतही नाही. घरोघरची नावं तर शब्दकोशात मावत नाहीत: पुण्याची आजी, मोठी आई, बय. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत शामाय आणि शापाय असतात, आणि मराठी चित्रपुस्तकांत ती जोडी अजून फारशी आलेली नाही.

चीनमध्ये नेमका हाच प्रश्न २०१८ साली रस्त्यावरच्या गप्पांचा विषय झाला. शांघायच्या दुसरीच्या भाषेच्या पाठ्यपुस्तकातल्या एका ललित पाठात लेखिकेने आईच्या आईला 'वायपो' म्हटलं होतं. दक्षिणेत हाच शब्द चालतो. नव्या आवृत्तीत तो सगळीकडे बदलून उत्तरेकडचा 'लाओलाओ' घातला गेला. लाओलाओ प्रमाण भाषेतला शब्द आहे, वायपो बोलीतला, असा शब्दकोशाचा दाखला प्रकाशकांनी दिला. शांघायच्या लोकांना हे अजिबात रुचलं नाही. ते लहानपणापासून आजीला वायपोच म्हणत आले होते. समुद्रकाठच्या आजीचं एक लोकप्रिय गाणं होतं. त्यातली वायपो आता लाओलाओ होणार का, असं लोक विचारू लागले. काहींनी दुसरी बाजूही मांडली: वायपोमधलं पहिलं अक्षर म्हणजे 'बाहेरची', मग आईच्या आईला बाहेरची म्हणणाऱ्या शब्दाची एवढी कड का घ्यायची? शेवटी शहराच्या शिक्षण विभागाने मूळ शब्द परत घालायला आणि लेखिकेशी बोलायला सांगितलं.

माझ्या मते निकाल योग्य झाला. 'बाहेरची' हा आक्षेप व्युत्पत्ती म्हणून खरा आहे, पण वायपो म्हणून हाक मारताना कुठलंही मूल आजीला बाहेरची समजत नाही. शब्द ज्या तोंडाने लहानपणी उच्चारला, त्या तोंडाचा तो असतो. प्रमाण भाषेला 'आजी' हवी म्हणून खानदेशातल्या किंवा मालवणातल्या मुलाच्या गोष्टीतलं घरचं नाव खोडणारे संपादक आपल्याकडेही आहेत, आणि तिथे कुणी आवाज उठवत नाही.

परदेशी आजीचं काय करायचं, हा त्याचा पुढचा भाग. स्वीडिशमध्ये आईच्या आईला मोरमोर म्हणतात, बाबांच्या आईला फारमोर. मोरमोर मराठीत तसंच ठेवलं की पहिल्या पानावर मुलं मोर शोधतात. तरीही मी ते ठेवण्याच्या बाजूने आहे. दुसऱ्या पानापर्यंत मोर उडून जातो, उरते ती स्वीडनमधली आजी. सरसकट आजी केलं तर मुलांना गोष्ट कळते, पण जगात आजीला इतक्या नावांनी हाक मारतात हे कळत नाही. शेवटची शब्दार्थांची यादी मला नको वाटते. चित्रपुस्तकात अर्थ सांगायचं काम चित्राचं आहे, आणि यादी दिली की पानभर परीक्षेचा वास येतो. फक्त नानासारखा शब्द, जो मराठीत सरळ वेगळ्याच माणसाकडे बोट दाखवतो, त्याला अपवाद करावा. तिथे 'नाना आजी' म्हणून पुढे जावं, एवढंच मी आता करते.

गेल्या दहा वर्षांत या पुस्तकांतलं आजी-आजोबा आणि नातवंडांमधलं अंतर बदललं आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांत आजी-आजोबा बहुतेक सहा महिन्यांच्या मुक्कामाला येतात, आणि उरलेले महिने पडद्यावर दिसतात. तिथल्या मराठी शाळांत येणाऱ्या मुलांसाठी आजी म्हणजे विमानतळावरची मिठी आणि फोनवर कपाळच तेवढं दिसणारा चेहरा. हे चित्र मराठी पुस्तकांत अजून नीट उतरायचं आहे. इंग्रजीत ते उतरू लागलं आहे.

त्यातलं २०१८ सालचं एक पुस्तक माझ्या पिशवीत कायम असतं. थाई आजोबा आणि अमेरिकेत वाढलेला नातू, दोघांची एकही भाषा सामायिक नाही. जेवणाच्या टेबलावर गप्प बसतात, टीव्हीसमोर गप्प बसतात. मग नातू रंग काढतो, आजोबा शाई आणि कुंचला आणतात, आणि पुढची पानं दोघांच्या चित्रांनी भरून जातात. आजोबांचं बोलणं थाई लिपीत छापलेलं आहे, भाषांतर न देता. पुण्यात एका वाचनतासाला मी आजोबांच्या संवादाच्या फुग्यावर बोट ठेवून थांबले, कारण मलाही ते वाचता येत नव्हतं. सातेक वर्षांचा एक मुलगा म्हणाला, "ते विचारतायत जेवलास का." कशावरून, असं विचारल्यावर त्याने सांगितलं की त्याचे ताता सेलमला असतात, तमिळमध्ये बोलतात, आणि फोनवर पहिलं वाक्य नेहमी तेच असतं.