साप हाताळणारी बाई कशाला घाबरली?

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचे संशोधक एका बाईला साप आणि कोळी विकणाऱ्या दुकानात घेऊन गेले. शोधनिबंधांत तिची ओळख दोनच अक्षरांची: एस. एम. साप मला मुळीच आवडत नाहीत, असं ती वर्षानुवर्षं सांगत आलेली. दुकानात मात्र तिनं एक साप हातात घेतला, तीन मिनिटांहून जास्त वेळ धरून ठेवला, त्याच्या लवलवत्या जिभेलाही बोट लावलं. वर, त्याहून मोठे, धोकादायक साप हाताळू द्या म्हणून मागेच लागली.

उर्बाख-वीथ नावाच्या दुर्मीळ आनुवंशिक आजारानं तिच्या मेंदूतले दोन्ही अमिग्डला निकामी केले होते. अमिग्डला म्हणजे कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक असलेला, बदामाच्या आकाराचा पेशींचा पुंजका. अंधारात पायाखाली काही लांबट, मऊ लागलं की तो हायपोथॅलॅमसला (शरीराच्या आपोआप चालणाऱ्या क्रिया सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाला) आणि मेंदूच्या खोडाला इशारा देतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनॅलिन सोडतात, छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, अंगावर काटा येतो. ती दोरी होती हे मागाहून कळतं. रज्जुसर्पाचा दृष्टान्त देणाऱ्या वेदान्त्यांचे अमिग्डला शाबूत असावेत!

दोरी ओळखल्यावर धडधड शमते, त्यात कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा मोठा हात असतो. पण त्याला भीती पुसून टाकता येत नाही. घंटा वाजली की विजेचा झटका बसतो, हे शिकलेला उंदीर घंटा ऐकताच थिजतो. मग झटक्याविना घंटा पुन्हा पुन्हा वाजवली, तर हळूहळू थिजणं थांबतं. काही काळ जाऊ द्या, नाहीतर पिंजरा बदला. तीच घंटा त्याला पुन्हा थिजवते. जुनी आठवण तशीच असते, फक्त ‘आता धोका नाही’ ही नवी आठवण तिला दाबून धरते. भीतीवरच्या उपचारांनंतर ती कधीकधी परत डोकं वर काढते, ती यामुळेच.

अमिग्डला हे ‘भीतीचं केंद्र’ असं सर्रास लिहिलं जातं. 2013 साली एस. एम.नंच त्याला धक्का दिला. अमिग्डला नसलेल्या तिला आणि आणखी दोघींना मुखवट्यातून 35 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एका खोल श्वासात हुंगायला दिली. तिघीही भेदरल्या. एस. एम. तर मुखवटा काढा म्हणून हातवारे करत मदतीसाठी ओरडू लागली. अमिग्डला शाबूत असलेल्या 12 जणांपैकी मात्र तिघांचीच अशी गाळण उडाली.

साप बाहेरून येतो. डोळ्यांनी टिपलेला धोका अमिग्डलाकडे जातो. कार्बन डायऑक्साइड वाढला की रक्ताची आम्लता वाढते, आणि हा बदल मेंदूचं खोड थेट हेरतं. जीव गुदमरल्याची वर्दी द्यायला अमिग्डलाची गरज पडत नाही. उलट, असली भीती आवरण्यात अमिग्डलाचा वाटा असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे.

त्या प्रयोगातली मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट वेगळीच. मुखवटा तोंडाशी येण्याआधीच इतरांची धडधड वाढत होती. या तिघींची वाढली नाही, अगदी एकदा घाबरगुंडी उडाल्यानंतरच्या दुसऱ्या खेपेलाही नाही.