पॅडलने गिअर लवकर पडतो?

ऑटोमॅटिक गाडीत स्टीअरिंगमागच्या पॅडलने (बोटांनी ओढायच्या छोट्या पट्टीने) गिअर लिव्हरपेक्षा झटकन पडतो, असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. प्रत्यक्षात पॅडल ओढा, नाहीतर मॅन्युअल मोडमध्ये लिव्हर अधिक-उणे खुणांकडे ढकला. दोन्ही नुसते स्विच. इशारा एकाच कॉम्प्युटरकडे जातो, गिअर गिअरबॉक्सच्या गतीनेच बदलतो. इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जाणार असतील, तर कॉम्प्युटर दोघांनाही सरळ नकार देतो.

१९८९ साली फेरारी ६४० या रेसिंग कारने पॅडलवर ब्राझीलची फॉर्म्युला वन शर्यत जिंकली खरी, पण तिथे तुलना क्लच दाबून टाकायच्या गिअरशी होती.

पॅडलचा खरा फायदा घाट उतरताना: वळणाआधी गिअर खाली आणायला हात स्टीअरिंगवरून काढावा लागत नाही. मात्र स्टीअरिंग बरंच फिरवलं की त्यासोबत फिरणारं पॅडल शोधत बसावं लागतं!