फेरेटचं रीहोमिंग आणि चावरे फेरेट (मराठवाडा)

फेरेट म्हणजे युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसाळलेला, लांबुळका, आखूड पायांचा, पक्का मांसाहारी पाळीव प्राणी. आणि फेरेटचं रीहोमिंग म्हणजे एका घराला तो झेपेना म्हणून दुसऱ्या झेपणाऱ्या घरी रीतसर देणं. देताना कारणं बरीच सांगतात, पुण्याला बदली झाली, लग्न ठरलं, वास येतो, मे महिन्यात लाइटबिल परवडेना, पण जरा खोदून विचारलं की खालून बऱ्याचदा एकच गोष्ट निघते, चावतो. आणि नेमकी तीच गोष्ट देताना दडवली जाते, म्हणून या नोंदीत चावण्यालाच जास्त जागा दिलीय.

शास्त्रीय नाव मुस्टेला फुरो. लॅटिनमध्ये फुर म्हणजे चोर, आणि नाव अगदी शोभतं, गाडीची चावी, मोजे, रिमोट, जे दातात येईल ते ओढत कपाटामागं नेऊन साठवतो. माणसाळून दोन-अडीच हजार वर्षं झाली असं मानतात, सशाच्या बिळात सोडून ससे बाहेर काढायला युरोपात वापरायचे. नराला हॉब म्हणतात, मादीला जिल, पिल्लाला किट. नर साधारण १ ते २ किलो, मादी त्याच्या निम्मी. आयुष्य ५ ते ८ वर्षं, दिवसातले १४ ते १८ तास झोप, आणि उरलेल्या वेळात घर डोक्यावर. खूश झाला की पाठ कमानीसारखी करून उलटासुलटा उड्या मारतो, त्याला वॉर डान्स म्हणतात, नवख्या माणसाला वाटतं की आता हा अंगावर येतो, तसं नसतं.

मराठवाड्यात याला बघणारा पहिला माणूस म्हणतो, "ह्ये मुंगूसच हाय की." नाही. मुंगूस कुळानं मांजर-तरसाच्या बाजूचं, फेरेट पाणमांजर आणि चांदी अस्वलाच्या (म्हणजे हनी बॅजर, खरं अस्वल नव्हे) कुळातला. हा फरक नुसता पुस्तकी नाही. मुंगूस हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित प्राणी, तो घरात ठेवणं गुन्हा, त्यामुळं शेजाऱ्यानं मुंगूस समजून वनखात्याला फोन लावला तर दारात चौकशी येऊ शकते. खरेदीची पावती, लसीचं कार्ड, डॉक्टरची चिठ्ठी एका पिशवीत ठेवलेली बरी, आणि फेरेट दुसऱ्याला देताना ती पिशवी त्याच्यासोबत द्यायची.

उन्हाळा

फेरेटला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल. १५ ते २४ अंशात मजेत, २७-२८ च्या वर त्रास, ३० पार केलं की उष्माघाताचा धोका. आता परभणी, नांदेड, बीडकडं मे महिन्यात पारा ४२-४४ ला जातो आणि दुपारी लाइट जाते, म्हणजे हिशोब आपला आपणच करावा. नुसत्या पंख्याचा उपयोग नाही, घामच नाही तर वारा काय गार करणार. कोरड्या उन्हाळ्यात कूलर बऱ्यापैकी काम करतो, पाऊस पडून हवा दमट झाली की तोच कूलर निकामी. जुन्या घरातली शहाबादी फरशी मात्र कामाची, फेरेट तिच्यावर पोट टेकून घडी उकलल्यासारखा सपाट पडून राहतो. बाटलीत पाणी गोठवून, मोज्यात घालून शेजारी ठेवतात, तेही चालतं. धापा टाकणं, लाळ, लालभडक हिरड्या, अंग सैल पडणं ही उष्माघाताची लक्षणं, अशा वेळी साधं गार पाणी अंगावर (बर्फाचं नाही) आणि लगेच डॉक्टर.

हे इथं सांगायचं कारण असं की उकाड्यानं हैराण झालेला फेरेट चिडका होतो, आणि मालक म्हणतो की हा अचानक चावायला लागला.

चावणं

फेरेटची पिल्लं एकमेकांची मानगूट धरूनच खेळतात. त्यांची कातडी जाड, त्यामुळं भावंडाला जो चावा गुदगुल्यासारखा वाटतो तो आपल्या हाताला रक्त काढतो. भावंडांत वाढताना किती जोरात चावायचं हे कळत जातं, पण फार लवकर आईपासून तोडून एकटं विकलेलं पिल्लू हे शिकतच नाही. किटचं चावणं म्हणजे बहुतेक वेळा एवढंच, आणि ते नीट वागवलं तर काही आठवड्यांत कमी होतं.

मोठ्या फेरेटचं चावणं वेगळं. त्यात पहिली शंका दुखण्याची घ्यायची. कालपर्यंत मांडीत झोपणारा आज चावायला लागला तर स्वभाव बदलला असं म्हणू नये. वयानं मोठ्या फेरेटमध्ये ॲड्रिनल ग्रंथीचा आजार बराच दिसतो, शेपटीपासून केस गळत येतात आणि नसबंदी झालेला नरसुद्धा परत माजावर आल्यासारखा वागतो. दुसरा इन्सुलिनोमा, स्वादुपिंडात गाठ, रक्तातली साखर उतरते, लाळ गळते, मागचे पाय लटपटतात. दात किडलेला असू शकतो. नसबंदी न केलेला नर माजाच्या दिवसात माणसावर, दुसऱ्या फेरेटवर, सगळ्यावर धावतो. मादीचं तर त्याहून वाईट, ती माजावर येऊन नराशी जुळली नाही तर माज उतरतच नाही, इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन चढतं राहतं आणि हाडातला रक्त तयार करणारा मगज बंद पडून ती दगावते. म्हणून नसबंदी हा चावण्यावरचा उपाय आहेच, मादीसाठी तो जीवाचाही प्रश्न आहे.

भूक हे दुसरं कारण, आणि आपल्याकडं ते फार हुकतं. फेरेटचं आतडं आखूड, खाल्लेलं ३-४ तासांत बाहेर, त्यामुळं दिवसातून दोनदा वाटी भरून भागत नाही, सारखं काहीतरी समोर लागतं. आणि लागतं ते मांसच. शाकाहारी घरात हौसेनं आणून दूध-भाकरीवर ठेवलेला फेरेट चावणार नाही तर काय करणार, आणि फार दिवस जगणारही नाही. पोटा-कलेजी, चिकन, अंडं, नाहीतर चांगल्या प्रतीचं मांजराच्या पिल्लाचं फूड. मटण कापून तशाच हातानं उचलायला गेलं तर तो हात त्याला हात दिसत नाही.

तिसरं कारण बहिरेपण. संभाजीनगरात एका ओळखीच्या घरी तिसऱ्या मालकाकडून आलेला फेरेट होता, देताना "एकदम शांत आहे, काही करत नाही" असं सांगून दिलेला. पहिल्याच रात्री काकूंनी झोपेतला उचलला आणि तो अंगठ्याला लटकला, काकूंनी हात झटकला तसा आणखी घट्ट. चार दिवस सगळे म्हणत होते माजलाय, परत करा. मग एकदा काकूंच्याच लक्षात आलं, कुकरची शिट्टी वाजली, मांजर पळालं, लेकरू दचकलं, आणि हा तिथंच दोन हातावर निवांत, कान हलला नाही की मान वळली नाही. डोक्यावरून मानेपर्यंत पांढरा पट्टा होता. असा पट्टा किंवा पूर्ण पांढरं डोकं असलेल्या फेरेटमध्ये वार्डेनबर्ग सिंड्रोम नावाच्या जनुकीय दोषामुळं बहिरेपण बरंच आढळतं. बहिऱ्याला मागून, झोपेत उचललं की तो घाबरून चावतो, आणि खेळात समोरच्याचं ओरडणं ऐकू येत नाही म्हणून जास्त जोरात चावतो. काकू पुढं उचलण्याआधी फरशीवर पायाची टाच आपटायला लागल्या, हादरा त्याला कळायचा, नाकासमोर हात धरायच्या, वास घेऊ द्यायच्या, मग उचलायच्या. महिन्याभरात चावणं जवळपास थांबलं. आधीच्या दोन मालकांपैकी कुणाला हे माहीत होतं की नाही कोण जाणे, सांगितलं मात्र कुणीच नाही.

शेवटचं कारण माणसाचं. नाकावर टिचकी, चापट, चप्पल, हे उपाय बिनकामाचे आहेतच, वर घातक. फेरेट एवढंच शिकतो की हात आला की दुखतं, म्हणजे हात दिसला की आधी आपणच चावावं.

जमणारी पद्धत कंटाळवाणी आहे. चावला की मानगुटीची सैल कातडी धरून, खालून दुसऱ्या हाताचा आधार देऊन, शांत "नाही" म्हणायचं आणि ३ ते ५ मिनिटं रिकाम्या पिंजऱ्यात ठेवायचं, त्यात गादी नाही, खेळणं नाही. त्याच्या नेहमीच्या झोपायच्या जागी नाही, नाहीतर ती जागाच शिक्षेची होते. चावल्याबरोबर खाली सोडून द्यायचं नाही, कारण खाली उतरायचं असेल तर चावायचं हा धडा तो एका फटक्यात पाठ करतो. खेळताना बोटं पुढं नाचवायची नाहीत, दोरी नाहीतर जुना टॉवेल द्यायचा. बिनचावता दोन मिनिटं मांडीत राहिला की अंड्याच्या बलकाचं बोट चाटू द्यायचं (बोटाऐवजी चमचा बरा, सुरुवातीला तरी). आणि घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं, बाबांनी टाइमआउट (म्हणजे ही पिंजऱ्यातली मिनिटं) द्यायचा आणि दादानं चापट मारायची असं झालं की गाडी पुन्हा मूळपदावर. मार खाऊन आलेल्या फेरेटला यात महिने लागतात.

चावून लटकलाच तर ओढायचं नाही, ओढल्यानं आपलीच कातडी फाटते. हात टेबलावर टेकवायचा म्हणजे त्याचं वजन जखमेवर येत नाही, आणि मानगूट धरायची, बहुतेक फेरेट मानगूट धरली की जांभई देतात आणि तोंड सुटतं. नाही सुटलं तर गार पाण्याची बारीक धार.

चावल्यानंतर दवाखाना

फेरेट सस्तन प्राणी आहे, त्याला रेबीज होऊ शकतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची. तिखट, चुना, हळद, तेल काही भरायचं नाही, गावाकडं अजून भरतात. मग सरकारी दवाखाना, तिथं रेबीजची लस मोफत असते, कातडीत द्यायच्या डोसचे दिवस ०, ३, ७ आणि २८, जखम खोल असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं. केसपेपर काढताना "फेरेट चावला" म्हटलं की खिडकीतला माणूस दोनदा विचारतो, न लाजता "मांजराहून लहान मांसाहारी पाळीव प्राणी" असं सांगावं. अमेरिकेत कुत्रा, मांजर आणि फेरेट तिघांनाही चावल्यावर १० दिवस निरीक्षणाखाली ठेवायचा नियम आहे. आपल्याकडं डॉक्टर सांगतील तसं करावं, पण फेरेटच्या लसीचं कार्ड सोबत नेलं तर बोलणं सोपं जातं.

पाळण्यातलं बाळ असलेल्या घरात फेरेट मोकळा ठेवू नये. बाळांना फेरेटनं गंभीर जखमी केल्याच्या घटना परदेशात नोंदलेल्या आहेत. असं घर कितीही प्रेमळ असलं तरी त्याला चावरा फेरेट देऊ नये.

देणं-घेणं

घेणाऱ्याला पहिलं वाक्य हेच सांगायचं की चावतो, कुणाला, कधी, किती जोरात, कशानं थांबतो. सांगितलं तर घेणार नाही ही भीती खरी आहे, दोन-चार जण पळतातच. पण न सांगता दिला तर तो पंधरा दिवसांत परत येतो किंवा तिसऱ्याकडं जातो, आणि प्रत्येक घर बदलताना त्याची भीती वाढते, म्हणजे चावणंही. माझ्या मते तर देणाऱ्यानं आधी एक वही घालावी, दोन आठवडे प्रत्येक चाव्याची वेळ आणि आधी काय घडलं ते लिहावं. अर्ध्या वेळा त्या वहीतच कारण सापडतं आणि द्यायची गरज राहत नाही.

घेणाऱ्यानं एकदा येऊन बघावं, उचलावं. घरी गेल्यावर मोरीचं भोक, दाराखालची फट, कूलरची खिडकी बंद करावी, डोकं गेलं की अख्खा फेरेट जातो, आणि मोरीतून गेलेला घुशीसारखा परत येत नाही. डॉक्टर आधी शोधून ठेवावा. मराठवाड्यात परभणी आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, बाकी गावात जनावराचे डॉक्टर गाई-म्हशी बघणारे, म्हणून "फेरेट बघता का" हे फोनवर विचारूनच निघावं. कुत्र्याच्या डिस्टेंपर या विषाणूच्या आजारानं फेरेट जवळपास नक्कीच मरतो, पण कुत्र्याची मिश्र लस सरसकट टोचायची नाही, काही लसींतला जिवंत विषाणू फेरेटलाच आजारी पाडू शकतो. हा विषाणू चपलेवरूनही घरात येऊ शकतो, म्हणून गल्लीत मोकाट कुत्री असतील तर चप्पल बाहेर काढून मगच फेरेटच्या खोलीत जावं.

शेतात, माळावर, गोदाकाठी सोडून देणं हा पर्याय नाही. पाळीव फेरेट इथल्या उन्हात टिकत नाही, आणि जिथं हवामान मानवलं त्या न्यूझीलंडमध्ये सशांसाठी सोडलेल्या फेरेटांनी तिथल्या पक्ष्यांची वाट लावली. प्राण्याला उपाशी-तहानलेला मरायला सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे.

द्यायचे महिने ऑक्टोबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात द्यावाच लागला तर रात्री निघायचं, वाटेत दर तीन तासांनी खाणं आणि पाणी. फेरेट लहानपणी ज्या वासाचं खातो त्यालाच अन्न समजतो, म्हणून जुनं फूड सोबत द्यायचं आणि नवं दोन-तीन आठवड्यांत थोडं थोडं मिसळायचं. वास येतो म्हणून आल्या आल्या अंघोळ घालू नये, तेल निघून गेलं की ग्रंथी आणखी तेल सोडतात आणि वास वाढतोच. वासासाठी खरं तर अंथरूण धुतात, पण नव्या घरात पहिले पंधरा दिवस तेही नाही, जुन्या घरची वाकळ तशीच, मळकी, त्याच्या झोपायच्या जागी.