वैकुंठातून आलेला तारणारा

वसईकडच्या गावांत वळणावर क्रूस दिसतो. चुना लावलेला, गळ्यात झेंडूची माळ, पायाशी मेणबत्तीचं थिजलेलं मेण. परक्या मुलखातली गोष्ट इथल्या मातीत इतकी मुरली कशी, याचं उत्तर बरंचसं भाषेत आहे.

‘मशीहा’ हा हिब्रू शब्द. अर्थ, तेलाने अभिषेक झालेला. त्याचंच ग्रीक रूप ‘ख्रिस्त’. रोमनांच्या अमलाखाली पिचलेल्या ज्यूंना जुन्या काळच्या दावीद राजाच्या वंशातला राजा हवा होता, आणि त्यात नवल काहीच नाही. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूचरित्रात, मात्र येशू नासरेथच्या सभास्थानात यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाची गुंडाळी उलगडतो, दीनांना सुवार्ता आणि बंदिवानांना सुटका हे शब्द वाचतो आणि ‘हे आज पुरं झालं’ म्हणतो. सैन्य नाही, सिंहासन नाही, शेवटी क्रूस. हे मरण म्हणजे हार नव्हे, येण्याचं कारणच ते, अशी ख्रिस्ती श्रद्धा. तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, हे सूत्र नायसिया (३२५) आणि खाल्सेदोन (४५१) इथल्या धर्मसभांतून पक्कं झालं.

हे कोकणात सांगायचं कसं? थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात उतरला. तिथल्याच सासष्टीत राहून भाषा शिकला, नुसती बोलण्यापुरती नव्हे. नवख्रिस्ती लोकांच्या जुन्या पोथ्या बंद झाल्या होत्या, पण पुराण ऐकायची सवय कुठे जाते! १६१६ मध्ये त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ रायतूरला छापलं गेलं: दहा हजारांवर मराठी ओव्या, लिपी रोमन. मूळ पोर्तुगीज नावाचा अर्थ साधारण असा, ‘आपला तारणारा येशू ख्रिस्त जगात आला त्याविषयी प्रवचन’.

रचना पाहण्यासारखी आहे. ग्रंथाचे भाग दोन, त्यांना पहिलं आणि दुसरं पुराण म्हणतात. ख्रिस्तजन्म येतो दुसऱ्या पुराणात. पहिल्या पुराणात आदाम या पहिल्या माणसाचं पापात पतन, संदेष्टे आणि शतकांची वाट पाहणी. रोग कळल्याशिवाय वैद्य कशाला आला हे कळत नाही, हे त्या पाद्र्याने नेमकं ओळखलं होतं. स्वर्गाला तो बिनदिक्कत वैकुंठ म्हणतो. मला त्याचं हे धाडस फार आवडतं. पुढच्या कैक मिशनऱ्यांना ते झेपलं नाही. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. आज त्या तिन्हींची एकही छापील प्रत ज्ञात नाही. १६८४ मध्ये तर पोर्तुगीज सरकारने लोकभाषेविरुद्ध फर्मानच काढलं. हस्तलिखितं घराघरांत टिकली, म्हणून १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापता आलं.

एक पेच मात्र कायम राहिला. ‘अवतार’ म्हटलं की आपल्याला ‘संभवामि युगे युगे’ आठवतं; ख्रिस्ती मताप्रमाणे देव माणूस झाला तो एकदाच. म्हणून मराठी बायबलात योहानाच्या शुभवर्तमानातलं वाक्य ‘शब्द देही झाला’ असं येतं; शब्द म्हणजे इथे ख्रिस्त. देही! ज्ञानेश्वरी ऐकत वाढलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेले नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांनीही येशूचं चरित्र सांगायला ओवीच धरली. ‘ख्रिस्तायन’ अर्धवट टाकून ते १९१९ मध्ये गेले, आणि पुढच्या ओव्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिल्या.